लघवीच्या तक्रारी अंगावर काढू नका: ठाणे-नवी मुंबईतल्या पुरुषांसाठी सुरुवातीपासून सगळं

ऐरोलीत माझं मेडिकल आहे, १४ वर्षं झाली. रात्री नऊनंतर एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. आधी काउंटरवरच्या बायका जाईपर्यंत बाजूला उभं राहून मोबाईल चाळत राहतं, मग पुढे येऊन हळू आवाजात म्हणतं, दादा जरा लघवीला आग होतेय, काहीतरी स्ट्राँग द्या ना. कोणी वडिलांसाठी म्हणून स्वतःच्या गोळ्या मागतं, कोणी चिठ्ठीवर नाव लिहून नुसती चिठ्ठीच पुढे सरकवतं. मी डॉक्टर नाही, औषधं काढून देणारा माणूस आहे, त्यामुळे खाली जे लिहितोय ते निदान नाही, पण कुठून सुरुवात करायची, डॉक्टरला काय सांगायचं आणि कधी अजिबात थांबायचं नाही एवढं नक्की सांगू शकतो.

आणि हे लिहायचं खरं कारण घरातलंच. आम्ही कळव्याला राहतो. बाबा ७१ वर्षांचे. पावसाळ्यात सर्दी झाली म्हणून माझ्याच दुकानातल्या सर्दीच्या गोळ्या घेत होते, तिसऱ्या दिवशी रात्री अडीचला बाथरूममधून आवाज आला, "होत नाहीये रे." पोट फुगलेलं, घाम सुटलेला, उभं राहवत नाही आणि बसवतही नाही. रिक्षाने हॉस्पिटल गाठलं, नळी टाकली तेव्हा ९०० मिली लघवी निघाली. मग कळलं की दोन वर्षं ते रात्री चार-पाच वेळा उठत होते. आईला माहीत होतं, मला नाही, कारण बाबांनी सांगितलं नाही आणि रोज लोकांना हेच प्रश्न विचारणारा मी, घरी कधी विचारलं नाही.

आधी कुठे काय आहे ते

पाठीकडच्या बाजूला बरगड्यांखाली दोन किडन्या, तिथून दोन बारीक नळ्या खाली लघवीच्या पिशवीत उतरतात. पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिली मावतं. पिशवीच्या तोंडाशी खालच्या बाजूला प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, तरुणपणी अक्रोडाएवढी, वजन २० ग्रॅमच्या आसपास, वीर्यातला काही भाग ती बनवते. लघवीचा मार्ग या प्रोस्टेटच्या मधून जातो हे लक्षात ठेवा, कारण वय वाढतं तशी ही ग्रंथी बहुतेक पुरुषांत मोठी होते आणि मधला रस्ता आवळते. प्रोस्टेट वाढली म्हणजे कॅन्सर असं अजिबात नाही. साधी वाढ वेगळी, कॅन्सर वेगळा, दोन्ही एकाच माणसात असू शकतात पण एकातून दुसरं होत नाही.

आणि एक घोळ इथेच मिटवू. लोक "किडनीच्या डॉक्टरकडे जातो" म्हणतात. किडनीचं काम कमी झालंय, रक्तात क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलंय, डायलिसिस लागणार, तर नेफ्रोलॉजिस्ट. मुतखडा, प्रोस्टेट, लघवीची पिशवी, लिंग, अंडकोष, म्हणजे जिथे अडथळा, गाठ किंवा ऑपरेशनचा विषय आहे, तिथे युरोलॉजिस्ट.

असं असेल तर वाचत बसू नका, निघा

सगळ्यात आधी हे लिहितोय कारण याला वेळेचा हिशोब आहे.

पहिलं, आणि घरात दहावी-बारावीतला मुलगा असेल तर हे त्याला आजच सांगून ठेवा: एका अंडकोषात अचानक जोराची कळ, सोबत उलटी किंवा मळमळ, कधीकधी तो अंडकोष वर खेचल्यासारखा दिसतो. अंडकोष स्वतःभोवती फिरून त्याची रक्तवाहिनी पिळली गेलेली असू शकते. साधारण ६ तासांच्या आत ऑपरेशन करून पीळ सोडवला तर अंडकोष वाचायची शक्यता चांगली असते, पुढे प्रत्येक तासाला ती कमी होत जाते आणि मग काढून टाकावा लागतो. झोपेतसुद्धा होतं, खेळतानाही होतं, काहीच न करता पण होतं. पोरं लाजेने सांगतात "पोटात दुखतंय", आई ओवा देते, सकाळ होते आणि वेळ निघून जाते. म्हणून मुलाला स्पष्ट शब्दात सांगा की तिथे दुखलं तर रात्री दोनला पण उठवायचं, कोणी ओरडणार नाही, आणि अशा वेळी "उद्या सोनोग्राफी करू" असं घरी ठरवायचं नाही, थेट सर्जन असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं.

दुसरं, लघवी पूर्ण तुंबणं, जे बाबांचं झालं. गरम पाण्यात बसणं, नळ सोडून ठेवणं, आणखी पाणी पिणं हे करत तास घालवू नका, पाणी पिऊन तर दुखणं वाढतंच. नळी टाकली की पाच मिनिटांत माणूस शांत होतो.

मुतखड्याचं दुखणं आणि सोबत थंडी वाजून ताप, हीसुद्धा इमर्जन्सी. अडकलेल्या खड्याच्या मागे लघवीत इन्फेक्शन झालं तर ते रक्तात पसरायला वेळ लागत नाही, पेनकिलरचं इंजेक्शन घेऊन घरी यायची ही वेळ नाही. लिंगाची ताठरता ४ तासांच्या वर टिकली आणि दुखतेय, तर तेही त्याच दिवशी नाही, त्याच तासाला. पुढची कातडी मागे गेली आणि परत पुढे येत नाही, टोक सुजतंय, तसंच. मार लागून सूज किंवा लघवीतून रक्त आलं तरी थांबू नका. रिक्षा मिळत नसेल तर १०८ ला फोन करा, ॲम्ब्युलन्स फुकट आहे.

आता वही काढा

इमर्जन्सी नसेल आणि तक्रार सारखं जाण्याची, रात्री उठण्याची किंवा धारेची असेल तर पहिली पायरी डॉक्टर नाही, पहिली पायरी ३ दिवसांची वही. माझ्या मते महागड्या पॅकेजपेक्षा या वहीतून जास्त कळतं, आणि तिला खर्च शून्य. मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणा, बाथरूममध्ये ठेवा. प्रत्येक वेळेला लघवी केली की वेळ लिहा, किती झाली ते लिहा, घाईने धावावं लागलं का, कपड्यात थेंब गेले का ते लिहा. बाजूला चहा-पाणी-ताक किती प्यालात तेही. ऑफिसला जाणारे म्हणतील मग कुठे नेऊ, तर शनिवार-रविवारला जोडून एक सुट्टी बघा, नाहीतर बाहेर असताना नुसती वेळ लिहिली तरी चालेल, पण रात्रीचे आकडे मात्र सोडू नका.

ते का, तर रात्री उठण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एक माणूस रात्री चार वेळा उठतो आणि प्रत्येक वेळी ८०-१०० मिली होते. म्हणजे पिशवी भरतच नाहीये, किंवा रिकामीच होत नाहीये म्हणून लगेच परत भरतेय, इथे प्रोस्टेट किंवा पिशवीकडे बघावं लागतं. दुसरा माणूसही चार वेळा उठतो पण दरवेळी ३००-४०० मिली. त्याची पिशवी बिचारी नीट काम करतेय, शरीरच रात्री जास्त लघवी बनवतंय. त्याची कारणं वेगळी, शुगर वाढलेली, संध्याकाळी पायाला सूज येणं, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणं, बीपीची लघवीवाटे पाणी काढणारी गोळी रात्री घेणं, नाहीतर साधं म्हणजे जेवणानंतर तांब्याभर पाणी आणि चहा. पहिल्याला प्रोस्टेटची गोळी लागू पडेल, दुसऱ्याला दिली तर काही फरक पडणार नाही आणि तो म्हणेल औषधच बेकार आहे. वही दाखवली की हा फरक डॉक्टरला दोन मिनिटांत दिसतो.

वहीच्या शेवटच्या पानावर आणखी सात गोष्टी लिहून न्या, गेल्या महिन्याभरात किती वेळा झालं ते: लघवी झाल्यावर पिशवी रिकामी झाली नाही असं वाटणं, दोन तासांच्या आत परत जावं लागणं, धार मध्येच तुटून परत सुरू होणं, लागली की रोखता न येणं, धार बारीक असणं, सुरू करायला जोर लावावा लागणं, आणि रात्री किती वेळा उठलात. जगभर युरोलॉजिस्ट याच सात प्रश्नांना ० ते ५ गुण देतात, एकूण ३५ पैकी. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे जास्त. गुण स्वतः मोजा नाहीतर नका मोजू, पण उत्तरं प्रामाणिक लिहा, "वयाप्रमाणे ठीक आहे" असं लिहू नका.

कोणती तक्रार किती दिवस थांबू शकते

लघवीतून रक्त. यावर माझं ठाम मत आहे आणि मी काउंटरवर भांडून सांगतो. दुखत नसताना एकदाच लाल लघवी झाली आणि नंतर आपोआप स्वच्छ झाली, तरी जायचंच. उलट न दुखता आलेलं रक्त जास्त काळजीचं, कारण पिशवीचा कॅन्सर बऱ्याचदा असाच पहिल्यांदा दिसतो, येतो, थांबतो, माणूस विसरतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना त्याचा धोका बराच जास्त, कारण धुरातले घातक पदार्थ शेवटी लघवीतूनच बाहेर पडतात आणि पिशवीत तासनतास साठून राहतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तरी "गोळीमुळेच असेल" म्हणून सोडायचं नाही. हां, आदल्या दिवशी बीटाची कोशिंबीर खाल्ली असेल किंवा टीबीची रिफाम्पिसिनची गोळी चालू असेल तर रंग बदलतो, पण ते साध्या लघवी तपासणीतून लगेच कळतं, अंदाज करत बसायची गरज नाही. डॉक्टर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन आणि दुर्बिणीतून पिशवी बघायला सांगतील, दुर्बिणीला घाबरून टाळू नका.

जळजळ, ज्याला आपण उन्हाळी लागली म्हणतो. दिवसभर उन्हात फिरून पाणी कमी प्यालात तर लघवी गडद होऊन आग होते, पाणी वाढवलं की एका दिवसात जाते. तशी गेली तर ठीक. दुसऱ्या दिवशीही आहे, वास येतोय, ताप आहे, ओटीपोटात दुखतंय, तर इन्फेक्शन धरून चला, आणि पुरुषांत इन्फेक्शन झालं की ते का झालं हे शोधावं लागतं, नुसतं औषध घेऊन भागत नाही. इथेच लोक माझ्याकडे येऊन अँटिबायोटिक मागतात आणि मी देत नाही म्हणून पुढच्या दुकानात जातात. दोन गोळ्या खाल्ल्या की जळजळ कमी होते, जंतू अर्धवट राहतात, आणि नंतर लघवीचं कल्चर (कुठले जंतू आहेत ते लॅबमध्ये उगवून बघायची तपासणी) केलं तर त्यात काही उगवतच नाही. क्रम असा हवा: आधी कल्चरसाठी लघवी द्यायची, मग औषध सुरू. लघवी देताना जागा धुऊन, पहिली थोडी सोडून मधली धार बाटलीत घ्यायची, आणि बाटली तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचवायची, डब्यासोबत ऑफिसला फिरवून संध्याकाळी नाही. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. असुरक्षित संबंधानंतर जळजळ आणि पू येत असेल तर तेही सरळ सांगा, उपचार सोपा आहे पण जोडीदाराचाही करावा लागतो. सरकारी हॉस्पिटलात त्वचा आणि गुप्तरोग विभाग असतो तिथे हे रोजचंच आहे.

मुतखडा आपल्या भागात घरोघरी ऐकायला मिळतो. कमरेतून सुरू होऊन जांघेत, कधी अंडकोषापर्यंत उतरणारी कळ, माणूस एका जागी बसू शकत नाही. ५ मिमीपर्यंतचे खडे बहुतेक वेळा आपले आपण पडतात, १० मिमीच्या वरचे क्वचितच. कुळथाचं पाणी, पानफुटीची पानं याबद्दल विचारलं तर मी सांगतो, कुळथाचं पाणी प्या, पाणी पोटात जातंय ते चांगलंच, पण त्याच्या भरवशावर १२ मिमीचा खडा सहा महिने ठेवू नका. कारण दुखणं थांबलं म्हणजे खडा गेला असं नाही. खडा नळीत गप्प बसून राहतो आणि मागे किडनी फुगत जाते, दुखत नाही म्हणून कोणाला कळत नाही, मग परत सोनोग्राफी करेपर्यंत नुकसान झालेलं असतं. म्हणून खडा पडला की गाळण्यात पकडा, तपासायला द्या, आणि पडला असं वाटलं तरी फेरतपासणी करून खात्री करा. दूध बंद करायची चूक करू नका, जेवणातलं कॅल्शियम तोडलं तर ऑक्झलेटचे, म्हणजे नेहमी आढळणारे खडे उलट वाढू शकतात. तोडायचं ते मीठ, म्हणजे लोणचं, पापड, फरसाण. आणि लिंबूपाणी चालतं, चांगलं आहे, मीठ न घालता.

अंडकोषात गाठ. महिन्यातून एकदा गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर दोन्ही अंडकोष अंगठा आणि बोटांमध्ये हलके फिरवून बघायची सवय लावा, विशेषतः १५ ते ४० वयाच्या लोकांनी, कारण अंडकोषाचा कॅन्सर या वयात येतो आणि लवकर सापडला तर जवळजवळ पूर्ण बरा होतो. एक बाजू दुसरीपेक्षा खाली लोंबते हे नॉर्मल आहे, मागच्या बाजूला दोरीसारखा मऊ भाग लागतो तोही नॉर्मल. प्रत्यक्ष अंडकोषावर कडक, न दुखणारा दाणा लागला किंवा एक बाजू जड वाटायला लागली तर त्या आठवड्यात डॉक्टर. बरीचशी सूज पाणी साठल्याची, फुगलेल्या शिरांची किंवा हर्नियाची निघते, पण ते ठरवायचं काम सोनोग्राफीचं. तान्ह्या मुलाचा अंडकोष ६ महिन्यांपर्यंत खाली उतरला नसेल तर "उतरेल नंतर" म्हणणाऱ्या आजीचं प्रेमाने ऐकून घ्या आणि तरी डॉक्टरला दाखवा.

ताठरतेची तक्रार लोक सगळ्यात उशिरा काढतात. इथे मला फार वाईट वाटतं, कारण लोकलच्या डब्यात आणि स्टेशनबाहेरच्या भिंतींवर चिकटवलेल्या जाहिरातींचे नंबर फिरवून लोक हजारो रुपये घालवतात आणि खरा आजार तसाच राहतो. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे त्या आधी अडखळतात. पंचेचाळीशीच्या माणसाला महिनोनमहिने हा त्रास असेल तर शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासायलाच हवं, हा पुढच्या हार्टच्या दुखण्याचा आधी आलेला निरोप असू शकतो. मित्राने दिलेली निळी गोळी घेऊ नका. छातीसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी किंवा त्या जातीचं कुठलंही औषध चालू असेल तर निळी गोळी घेतल्यावर बीपी इतकं खाली जाऊ शकतं की जीवावर बेततं. आणि धातू जातो म्हणून घाबरलेली पोरं येतात, लघवी पांढरट दिसते एवढ्यावरून त्यांनी सगळं ठरवलेलं असतं. बऱ्याचदा ते लघवीतले फॉस्फेटचे क्षार असतात, कधी पू असतो, लघवीची एक साधी तपासणी करा आणि निश्चिंत व्हा.

मूल होत नसेल तर पहिली तपासणी बायकोची असं आपल्याकडे ठरून गेलंय, हे बदला. वीर्याची तपासणी सोपी आहे, २ ते ७ दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढंच. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या मुलांनो, बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्रजंतू बनणं कमी होतं, कधी पार बंद पडतं. हे तुम्हाला ट्रेनर सांगत नाही म्हणून मी सांगतोय.

जायचं कुठे

पहिल्यांदा फॅमिली डॉक्टर, खरंच. लघवीची साधी तपासणी, शुगर, क्रिएटिनिन आणि पोटाची सोनोग्राफी एवढं तो करून घेतो आणि निम्मी वाट तिथेच मोकळी होते. सोनोग्राफीच्या कागदावर प्रोस्टेटचा आकार आणि लघवी केल्यानंतर पिशवीत किती उरली हे दोन्ही लिहून द्यायला सांगा, चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नसेल तर डॉक्टरकडून लिहून घ्या. आणि सोनोग्राफीसाठी घरून चार ग्लास पाणी पिऊन घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकू नका, सेंटरवर पोचून मग प्या. पिशवी प्रमाणाबाहेर भरली तर नंतर उरलेली लघवी जास्त दिसते आणि विनाकारण टेन्शन येतं. रिपोर्टमध्ये प्रोस्टेट ४५ ग्रॅम दिसली म्हणून घाबरून जाऊ नका, आकाराचा आणि त्रासाचा थेट हिशोब नसतो, ३० ग्रॅमवाल्याची लघवी तुंबते आणि ७० ग्रॅमवाला रात्रभर झोपतो.

सरकारी बाजूला ठाणे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, नवी मुंबई महापालिकेची हॉस्पिटलं वाशी, ऐरोली, नेरुळला आहेत. युरोलॉजीची ओपीडी रोज नसते, कुठल्या वारी आहे ते केस पेपरच्या खिडकीवर आधी विचारून या, नाहीतर एक सुट्टी वाया जाते. नेरुळच्या डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात युरोलॉजी विभाग आहे, आणि मुंबईच्या बाजूला सायन आणि केईएमला स्वतंत्र विभाग आहेत. ठाण्याहून सायन स्लो लोकलने सोपं पडतं, फक्त सकाळी लवकर निघा. कॅन्सरचा संशय असेल तर परळचं टाटा, आणि खारघरला टाटाचंच ॲक्ट्रेक. ऑपरेशनचा खर्च झेपणार नसेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलात योजनेची मदत करायला बसलेल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि हे ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. खाजगीत जाणार असाल तर पाटीवर युरोलॉजीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी बघा. नुसतं "गुप्तरोग स्पेशालिस्ट" लिहिलंय आणि पदवी बारीक अक्षरात, तिथून परत फिरा.

पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी पन्नाशीनंतर करायची की नाही ते डॉक्टरशी बोलून ठरवा, वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर हे बोलणं ४५ लाच करा. स्वतःच पॅकेजमध्ये करून आकडा ४ च्या वर आला की लोक रात्रभर झोपत नाहीत, पण इन्फेक्शन असताना, नळी टाकल्यावर, तपासणीच्या दोन दिवस आधी वीर्यपतन झालं असेल तरीही तो वाढतो. उलट प्रोस्टेटचा आकार कमी करणारी फिनास्टेराइड ही गोळी चालू असेल, केसांसाठीची छोटी गोळीसुद्धा, तर आकडा साधारण निम्मा दिसतो, म्हणून ते डॉक्टरला सांगायलाच हवं.

आत गेल्यावर

शब्द सापडत नाहीत म्हणून पुरुष आत जाऊन "थोडी कमजोरी आहे" असं सांगून बाहेर येतात. लघवी, लिंग, अंडकोष, वीर्य, हे शब्द घरून म्हणून या. बोलायला फारच जड जात असेल तर वहीच पुढे करा. वडिलांसोबत जाणार असाल तर थोडा वेळ बाहेर बसा, मुलासमोर बाप सगळं सांगत नाही, आणि सूनबाई सोबत असेल तर मुळीच नाही. प्रोस्टेट बघायला डॉक्टर ग्लोव्ह आणि जेल लावून बोट शौचाच्या जागेतून घालतात. अवघड वाटतं पण एक मिनिटसुद्धा लागत नाही आणि प्रोस्टेट कडक आहे का, गाठ लागते का हे त्यातून कळतं, नाही म्हणू नका. मशीनमध्ये लघवी करायला सांगितली तर ती धारेचा वेग मोजते, सेकंदाला १५ मिलीच्या वर बरा, १० च्या खाली असेल तर अडथळा असण्याची शक्यता, आणि त्यासाठी पिशवी नीट भरलेली हवी.

घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि सर्दीच्या पण. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने नाक मोकळं करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, लघवी तुंबते, बाबांचं तेच झालं होतं. प्रोस्टेटचा आवळलेला रस्ता सैल करणारी टॅमसुलोसिन ही गोळी सुरू झाली तर सुरुवातीला रात्री जेवणानंतर घ्या, पलंगावरून झटकन उठू नका, चक्कर येते. वीर्य कमी येतंय किंवा येतच नाही असं वाटेल, ते गोळीमुळे, घाबरून बंद करू नका, डॉक्टरला सांगा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरला ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी होती हे आवर्जून सांगा. प्रोस्टेटचा आकार कमी करणाऱ्या गोळीला मात्र सहा महिने द्यावे लागतात, महिन्याभरात फरक नाही म्हणून माझ्याकडे परत आणून देणारे बरेच आहेत.

पाणी आणि रोजचा प्रवास

टीटीसी एमआयडीसीत भट्टीजवळ काम करणारे, ठाणे-बेलापूर रोडवर दिवसभर टेम्पो आणि रिक्षा चालवणारे, पार्सल पोचवणारी पोरं, सगळे मला एकच सांगतात, पाणी प्यालो तर जायचं कुठे. आपल्या लोकलला टॉयलेट नाही आणि कळव्याहून सीएसएमटीपर्यंत जायला तास जातो हे मी पण रोज बघतो. त्याचा इलाज पाणी तोडणं नाही, वेळ बांधणं आहे. घरून निघायच्या तासभर आधी भरपूर पाणी, निघताना लघवी करूनच निघा, प्रवासात घोट घोट, कामावर पोचल्यावर परत मोठा ग्लास. आपल्या रोजच्या रस्त्यावरचे स्टेशनातले, पेट्रोल पंपावरचे, मॉलमधले टॉयलेट एकदा बघून ठेवा. मुतखडा होऊन गेलेल्यांनी दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं, घाम गाळणाऱ्याला त्यासाठी जास्त लागतं, म्हणून ग्लास मोजण्यापेक्षा रंग बघा, फिकट पिवळी हवी. हार्ट किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील, तिथे हा सल्ला लावू नका.

बाबांची नळी दोनदा काढून बघितली, दोन्ही वेळा परत तुंबली, शेवटी लेझरने ऑपरेशन झालं. वही अजून चालू आहे, दर तीन महिन्यांनी तीन दिवस, त्यांच्याच अक्षरात. गेल्या वेळी रात्रीच्या रकान्यात १, १ आणि ० लिहिलेलं होतं, आणि शून्याच्या बाजूला "झोप लागली".